हॅमच्या सुरळ्या आणि बाळंतशोपांचा वास

गेल्या डिसेंबरात भाचीच्या वाढदिवसाला आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी मी हॅमच्या सुरळ्या केल्या. अमेरिकेत, विशेषतः मिनेसोटा आणि आयोवाकडे, घरगुती मेजवानीत हा पदार्थ हमखास असतो आणि तिथे त्याला कौतुकाने ‘मिनेसोटा सुशी’ असेही म्हणतात. हॅमच्या, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या, कापावर क्रीम चीज पसरायचे, कडेला खारवलेली छोटी काकडी ठेवून घट्ट गुंडाळायचे आणि गार झाल्यावर वड्या कापायच्या, एवढीच कृती आहे.

पहिल्या खेपेस मी काकड्या बाटलीतून काढून तशाच ठेवल्या, आणि अर्ध्या तासात ताटलीत पाणी साचून चीज हॅमवरून घसरू लागले. तेव्हापासून मी प्रत्येक काकडी स्वच्छ पंचात गुंडाळून हलक्या हाताने दाबते आणि पंचाला ओल लागेनाशी झाल्यावरच ती वापरते. क्रीम चीजऐवजी चक्का घेऊन पाहिला. पण चक्का आधीच आंबट, त्यात काकडीही आंबट, शिवाय स्निग्धांश कमी असल्यामुळे तो गार होऊनही हवा तसा घट्ट बसत नाही. आठ कापांना साधारण दोनशे ग्रॅम क्रीम चीज लागते. गोठलेले हॅम घाईने सोडवले की काप फाटतात, म्हणून पाकीट आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. सुरळ्या निदान चार तास गार कराव्यात आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुसावी.

खरी चव मात्र काकडीची आहे. आमच्या आत्याबाईंनी, ज्या डुकराचे मांस खात नाहीत, बाटली उघडताच वास घेऊन म्हटले, “अगं, हा तर बाळंतशोपांचा वास!” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, कारण तिकडे या काकड्यांत जी ‘डिल’ घालतात ती आपली शेपूच, आणि तिचे बी म्हणजे बाळंतशोपा. आपण ते बाळंतिणीला जेवणानंतर देतो, तिकडे ते फुलोऱ्यासकट बरणीत पडते. गर्किन नावाच्या या छोट्या काकड्या कर्नाटकात आणि तमिळनाडूत मोठ्या प्रमाणावर पिकतात व बहुतांशी परदेशी जातात. आत्याबाईंसाठी मी वाफवलेल्या कोबीच्या पानात तेच सारण भरले होते आणि त्यांची सुरी, पाट व ताटली वेगळी ठेवली होती; हे पथ्य यजमानाने न सांगता पाळावे, असे मला मनापासून वाटते.

यंदा मी बरणी घरीच घातली आहे. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम मीठ, लसूण, शेपूचे देठ आणि दोन चमचे बाळंतशोपा. काकडीचे फुलाकडचे टोक कापून टाकले, कारण ते राहिले तर काकडी मऊ पडते. वर वाटी ठेवून काकड्या पाण्याखाली दाबल्या आहेत. आज पाचवा दिवस आहे, पाणी गढूळ होऊ लागले आहे, बारीक बुडबुडे वर येत आहेत आणि झाकण उघडले की आत्याबाई आतल्या खोलीतून विचारतात, “मुरल्या का गं?”