समोरून एवढी साधी का?

विलेपार्ले पूर्वेतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा आराखडा मी सभासदांपुढे ठेवला की दुसऱ्या-तिसऱ्या चित्रालाच कोणीतरी विचारते, "घरांची किंमत एवढी, मग इमारत समोरून इतकी साधी का? काच कुठे आहे?" हा प्रश्न आता इतक्यांदा विचारून झाला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे, असे वाटले.

आधी आकाराबद्दल. पार्ले पूर्व विमानतळाला खेटून आहे, त्यामुळे किती उंच जायचे हे आर्किटेक्ट किंवा बिल्डर ठरवत नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत दाखल्यात जो आकडा येतो तो मुकाट्याने मान्य करावा लागतो. भूखंडही लहान. सभासद आणि विक्रीची घरे मिळून बारा-चौदा कुटुंबांची इमारत होते. जाहिरातीत तिला ‘बुटीक’ म्हणतात. खरे तर तो बुटीकपणा आमच्यावर विमानांनी लादलेला आहे.

आता साधेपणाबद्दल. मुंबईत इमारत जुनी दिसू लागते ती बहुतेक वेळा फॅशन बदलल्यामुळे नव्हे, तर भिंतीवरून पाणी ओघळल्यामुळे. दादरची हिंदू कॉलनी किंवा शिवाजी पार्कचा परिसर भर पावसात पायी फिरून पाहा. तिथल्या १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या ज्या इमारती अजून शाबूत आहेत, त्यांच्या खिडक्यांवर भुवयांसारखे लांबच लांब छज्जे दिसतील. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांच्यावरही याच आडव्या रेषा आहेत. लोक त्यांना नक्षी समजतात, पण त्या भिंतीच्या छत्र्या आहेत. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, बोटभर रुंदीची एक खाच असते. तिला पाणपट्टी म्हणतात. ती असली की थेंब तिथेच तुटून खाली पडतो, आणि नसली की पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागे सरकत भिंतीवर उतरते, तिथे शेवाळ धरते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात काळे ओघळ उमटतात, मग रंग कितीही महागडा लावलेला असो. ही खाच पाडायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि कामाच्या घाईत सर्वांत आधी विसरली जाते तीही हीच.

काचेचा आणि पत्र्याच्या पॅनेलचा मोह मलाही झाला होता. सुरुवातीच्या काळात एका इमारतीच्या दर्शनी भागाला मी एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियमची पॅनेले, लावली. काही वर्षांत सांध्यांमधले सीलंट सुकून फाटले, आत पाणी शिरू लागले, कबुतरांनी मागच्या पोकळीत संसार थाटले, आणि खराब पॅनेले बदलायला गेलो तेव्हा त्या छटेचे उत्पादन बंद झालेले होते. आज त्या इमारतीच्या अंगावर दोन रंगांची ठिगळे आहेत. सिमेंटचा गिलावा फुटला तर नाक्यावरचा गवंडीही तो दुरुस्त करू शकतो, आणि माझ्या मते कालातीत म्हणवून घेण्याची पहिली अट तीच आहे.

गॅलरीबद्दलही बरेच जण विचारतात. पूर्वी मुंबईत गॅलऱ्या आणि फ्लॉवर बेड ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयच्या, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जेवढे बांधकाम करता येते त्याच्या, मोजणीबाहेर असत, आणि त्या खोलीत ओढून घेण्याचा धंदा राजरोस चाले. २०१२ साली नियम बदलून ही क्षेत्रे मोजणीत आली आणि त्या बदल्यात घरांना ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय, अधिमूल्य भरून मिळू लागला. गैरप्रकार थांबले हे चांगलेच झाले, पण गॅलरीपेक्षा खोलीला भाव अधिक, म्हणून इमारती सपाट झाल्या. सपाट भिंतीला सावली नाही आणि पावसापासून आडोसाही नाही. म्हणून दिवाणखान्याला एक तरी बसता येईल अशी गॅलरी हवी, असा माझा आग्रह असतो, आणि त्यावरून बिल्डरशी माझे दरवेळी वाजते.

राहिला प्रश्न ऐश्वर्याचा. गच्चीवरच्या तरणतलावाचा खर्च दोनशे कुटुंबांत वाटला तर जाणवत नाही. चौदा कुटुंबांत तोच दरमहा भांडण लावतो, आणि तलाव गळू लागला की सर्वांत वरच्या मजल्यावरचे काका सभेला येणे सोडतात. त्याऐवजी मजल्यावर दोनच घरे ठेवावीत, म्हणजे प्रत्येकाला तीन बाजूंनी उजेड आणि आरपार वारा मिळतो. छत थोडे उंच ठेवावे, जिन्याला खरी खिडकी द्यावी. २६ जुलै २००५ रोजी शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे लक्षात ठेवून मीटरची खोली आणि जनरेटर पुराच्या पाण्याच्या वर घ्यावेत. जमिनीखालच्या खड्ड्यातले यांत्रिक पार्किंग मी शक्यतो टाळतो. यातले काहीच माहितीपत्रकातल्या चित्रात दिसत नाही, हे मला मान्य आहे.

गेल्या वर्षी एका सोसायटीत काचेवरून वाद फारच वाढला, तेव्हा मी जुन्या इमारतीच्या गच्चीवर मेच्या अखेरीस दोन लहान छज्जे बांधून घेतले, एक पाणपट्टीचा आणि एक तिच्याविना. ऑक्टोबरात सभासद वर जाऊन दोन्ही पाहून आले. त्यानंतरच्या सभेत काचेचा विषय निघाला नाही. मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, छज्जा अजून सहा इंच पुढे काढता येईल का, असे विचारले. सामासिक अंतराचे, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेचे, नियम पाहून सांगतो, असे मी त्यांना म्हटले आहे.