त्रिरंगी गम: सावल्यांतला हिरवा सापडला

मंडळी, राखाडी पट्टी अखेर राखाडी आली. (नव्यांसाठी: गम प्रिंट म्हणजे डिंक, रंग आणि उजेडाने डिंक कडक करणारं डायक्रोमेट यांचा कोट कागदावर लावायचा, प्रिंटरवर काढलेल्या निगेटिव्हखाली उजेड द्यायचा आणि न कडकलेला भाग पाण्यात धुवायचा. त्रिरंगीत हेच पिवळा, किरमिजी, निळा असं तीनदा. तिघं मिळून करडा साधतो का, ते ही पट्टी सांगते.) सावल्यांतला पॅच आता ए उणे १, बी अधिक २ दाखवतोय (ए उणे म्हणजे हिरवट, अधिक म्हणजे तांबूस; बी उणे म्हणजे निळसर, अधिक म्हणजे पिवळसर; शून्य म्हणजे करडा). मागच्या अपडेटमध्ये याच पॅचचा ए उणे ९ होता, त्यामुळे काल संध्याकाळी मी जरा जास्तच चहा प्यायलो.

त्या अपडेटमधल्या चार्टमध्ये, म्हणजे छापून मोजायच्या रंगचौकटींमध्ये, हायलाइट (उजळ भाग) ठीक होते, मधले टोन चालून जाण्यासारखे, आणि एल ४० च्या खाली (एल म्हणजे उजळपणा, ० काळा, १०० पांढरा) सगळं हिरवट. वैताग असा की सुटे कर्व्ह, म्हणजे एकेका रंगाचे टोन नीट यावेत म्हणून निगेटिव्हला लावायच्या दुरुस्त्या, चोख होते. पिवळा (पीवाय १५१) सरळ, किरमिजी क्विनाक्रिडोन (पीव्ही १९) सरळ, निळा थॅलो (पीबी १५:३) सरळ; कंसात रंगद्रव्यांचे कोड. तिघं एकत्र आले की बिनसायचं.

पहिला संशय अर्थातच पावसावर. हवेत ओल असली की डायक्रोमेटचा कोट जास्त संवेदनशील होतो आणि डार्क रिअ‍ॅक्शनही (उजेडाशिवायच कोट कडक होणं) लवकर सुरू होते, हे आपल्याकडे जून ते सप्टेंबर प्रत्येकाने भोगलंय. डीह्युमिडिफायर लावून खोली ५५ टक्क्यांवर आणली, एक्स्पोझर वाढवलं. पांढरे भाग स्वच्छ झाले, हिरवा मात्र जागचा हलला नाही. मग निगेटिव्हच्या शाईवर संशय घेतला. तिन्ही निगेटिव्ह एकाच शाईची, एकाच फिल्मवर, स्टेप टॅब्लेटशी (पायरीपायरीने गडद होणाऱ्या मोजपट्टीशी) ताडून पाहिलेली. तिथेही काही सापडलं नाही.

वाट दाखवली ती क्रम बदलल्याने. मी पिवळा, किरमिजी, निळा असं छापतो. निळा आधी आणि किरमिजी शेवटी छापला, तर त्याच सावल्या तांबूस! म्हणजे दोष निळ्याचा नव्हे, शेवटच्या थराचा. काळा पॅच दहापट लूपखाली धरला तेव्हा कळलं. कागदाचे खळगे पहिल्या दोन थरांनी भरलेले, आणि तिसरा दुधावर साय धरावी तसा वर सलग पसरलेला. हायलाइटमध्ये खाली डिंक जवळपास नाहीच, तिथे हाच तिसरा थर उघड्या कागदावर बसतो. एकाच पट्टीत त्याला दोन वेगवेगळ्या जमिनी मिळतात, आणि मी कर्व्ह काढला होता तो फक्त एकीवर, कोऱ्या साईझ केलेल्या (खळ दिलेल्या) कागदावर.

म्हणून सुटे कर्व्ह आता नुसते सुरुवातीपुरते. पूर्ण तीन थरांची करडी पट्टी छापायची, मोजायची, आणि शेवटच्या रंगाचा कर्व्ह गडद टोकाला दाबत जायचं, ए आणि बी शून्याजवळ येईपर्यंत. प्रोफाइल, म्हणजे मोजलेल्या चार्टवरून बनवलेली रंगदुरुस्तीची फाइल, त्यानंतर. प्रोफाइलने हे सगळं सावरावं ही अपेक्षाच चुकीची, असं माझं ठाम मत झालंय. प्रोफाइल बारीक फरक पुसतो. एवढा मोठा खड्डा बुजवायला लावला की जवळजवळचे टोन फाटतात.

प्रोफाइल बनवणाऱ्या आर्गिल या सॉफ्टवेअरबद्दल दोन गोष्टी. आपल्या निगेटिव्ह आर, जी, बी चॅनलमधूनच निघतात, तेव्हा चार्ट आरजीबी प्रिंटर समजून काढा, उगाच सीएमवायकेच्या फंदात पडू नका. आणि त्यातला प्रोफाइल बनवणारा प्रोग्रॅम, कॉलप्रॉफ, छपाई आणि मोजणीतली चूक मुळात अर्धा टक्का धरतो. इंकजेटला ते शोभतं. हाताने ब्रश फिरवणाऱ्यांनी ‘आर’ पर्याय वाढवावा. मी ३ ठेवलाय. दोन चार्ट छापून आर्गिलच्याच ‘अ‍ॅव्हरेज’ने सरासरी काढली की ब्रशच्या रेघा बऱ्याच मिटतात. हजार पॅचचा हट्ट गममध्ये व्यर्थ आहे. काहीशे पुरेत, पण मोठे, कारण खरखरीत कागदावर बारीक पॅच मोजणं म्हणजे कागदाचे डोंगर मोजणं.

डिंकाचं रडगाणं वेगळंच. बाटलीवर १४ बोमे (द्रावणाच्या दाटपणाचं माप) लिहिलेला तयार डिंक मागवला होता. हायड्रोमीटर टाकला तर बराच पातळ. विक्रेत्याचं उत्तर: ‘सगळे हाच वापरतात.’ पुन्हा किराणा दुकानातल्या डिंकावर आलोय. रात्रभर भिजवून मलमलीतून गाळला की छान चालतो, रंगाने किंचित तपकिरी, तेवढं पिवळ्याच्या कर्व्हमध्ये सामावून जातं. फक्त एकदम किलोभर विरघळवून ठेवा, कारण नवा घाणा म्हणजे नवी करडी पट्टी. पावसात बुरशी लागू नये म्हणून थोडा थायमॉल घालतो.

या आठवड्यात गणपतीच्या मखराचा फोटो छापणार होतो. कागद गरम पाण्यात आक्रसून तयार आहे, रजिस्ट्रेशनच्या पिनाही बसवल्यात. पण हे लिहिता लिहिताच वाटलं: सगळा घोळ जमीन बदलण्याचा असेल, तर पहिला थर बिनरंगी डिंकाचा का देऊ नये? डायक्रोमेट घालून, निगेटिव्ह न ठेवता पूर्ण एक्स्पोझ करायचा. खळगे आधीच भरतील आणि तिन्ही रंगांना हायलाइटपासून सावलीपर्यंत बरीचशी सारखी जमीन मिळेल. कदाचित कर्व्ह एवढा वाकवावाच लागणार नाही. धोका एकच, दात (रंग धरून ठेवणारा कागदाचा खरखरीतपणा) कमी झाला तर पहिला रंग धुताना सुटून यायचा.

तेव्हा मखर पुढच्या आठवड्यात. आधी बिनरंगी थरावर एक करडी पट्टी, तोच क्रम, तेच कर्व्ह. हा थर कोणी देऊन पाहिला असेल तर डायक्रोमेटचं प्रमाण सांगा. मी १० टक्के पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण आणि डिंक समसमान घेऊन सुरू करतोय.