आठ तुकड्यांचा माइल्स

काम सकाळी अकरापर्यंत उरकेल असं मला वाटलं होतं. मी ध्वनिसंग्रहात काम करतो: जुन्या टेपा, तबकड्या, त्यांची साफसफाई, नोंदी. बाईंना जॅझवरच्या व्याख्यानासाठी अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचे आठ तुकडे हवे होते, प्रत्येकी पाऊण मिनिटाचे, १९४५ पासून १९९१ पर्यंत. अट एकच. "मला मध्ये बोलावं लागू नये. माणूस बदलत गेला, ते नुसतं ऐकून कळलं पाहिजे."

सुरुवात सोपी होती. २६ नोव्हेंबर १९४५, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं ध्वनिमुद्रण. माइल्स एकोणीस वर्षांचा. शिक्षणासाठी न्यूयॉर्कला आलेला, पण जीव क्लबांत, पार्करच्या मागे. त्या दिवशीची गाजलेली चीज म्हणजे ‘को-को’. ती घेऊन उपयोग नव्हता, कारण तिच्यातला ट्रम्पेट डिझी गिलेस्पीचा आहे. तो वेग तेव्हाच्या माइल्सला झेपणारा नव्हता. म्हणून त्याच दिवशीची ‘नाउज द टाइम’ घेतली. तिच्यात तो वाजवतो, पण जपून, मधल्या सप्तकातच, निसरड्यावरून चालावं तसा. कापलं, पुढे गेलो.

दुसरा तुकडा ‘बॉप्लिसिटी’, २२ एप्रिल १९४९. नऊ वादक, त्यांत फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा, मांडणी गिल इव्हान्सची. इथे त्याने धावण्याचा नाद सोडून दिलेला ऐकू येतो. तिसरा १९५६ चा ‘राउंड मिडनाइट’: हार्मन म्यूटची, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवून आवाज दाबणाऱ्या बुचाची, मधली नळी काढून टाकलेली, ट्रम्पेट मायक्रोफोनला जवळजवळ चिकटलेला, आणि सुरात कंप नाही. कंप नको, हा लहानपणीचे गुरू एलवूड ब्यूकॅनन यांचा धडा. तो त्याने जन्मभर पाळला.

चौथ्या तुकड्याशी गाडी अडली.

‘सो व्हॉट’, ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीतली पहिली चीज, २ मार्च १९५९. आमच्याकडची प्रत जुन्या एलपीवरून उतरवलेली. तुकडे एकापाठोपाठ लावून ऐकत होतो, तर हा कानाला टोचला. सहज सूरमापक लावला. पियानो, बास, ट्रम्पेट, सगळंच चढं. अर्ध्या सुराइतकं नाही, पण चढं. मी आधी आमच्या तबकडीयंत्रावर संशय घेतला. पट्टा बदलला, वेग मोजला, चाचणीची तबकडी लावली. यंत्र ठणठणीत. दीड तास गेला. मग वैतागून तीच एलपी उलटली, दुसरी बाजू लावली, आणि ती सुरात निघाली.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ही गोष्ट वाचलेली होती, पण वाचलेलं हाताशी येत नाही. २ मार्चला स्टुडिओतलं मुख्य टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं. मंद यंत्रावर घेतलेली टेप बरोबर वेगाच्या यंत्रावर लावली की संगीत जलद होतं आणि सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ‘बॉप्लिसिटी’नंतर बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला मुद्रित झालेली. त्या दिवशी यंत्र शुद्धीवर होतं. ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू जग तीस वर्षांहून जास्त काळ चढीच ऐकत राहिलं, १९९२ च्या आवृत्तीसाठी दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ती दुरुस्त झाली. एलपीबरोबर रियाज करणाऱ्या किती ट्रम्पेटवाल्यांनी स्वतःलाच बेसूर समजून वाद्याची नळी आत सारली असेल, देव जाणे. मी वेग उतरवला. माइल्स एका क्षणात थोडा सावळा झाला, थोडा निवांतही. दोन तुकड्यांमधला जो फरक मी ‘शैली’ म्हणून बाईंना देणार होतो, त्यातला काही भाग एका मोटरचा होता.

पाचवा, १९६७ चा ‘नेफरटिटी’, वेगळ्याच कारणाने फसवा. त्यात माइल्स आणि सॅक्सोफोनवाला वेन शॉर्टर तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, आणि त्यांच्या पायाखाली टोनी विल्यम्सचे ड्रम पेटत जातात. नायकाने केलेला बदल असा की त्याने काहीच बदलायचं नाही. पाऊण मिनिटात हे कसं दाखवायचं? दाखवता आलं नाही. तसाच ठेवला.

सहावा ‘फेरोज डान्स’, ऑगस्ट १९६९. इथे मी कात्री कुठे लावू तेच समजेना, कारण आधीच कुणीतरी लावलेली. निर्माता टिओ मासेरो याने टेप ब्लेडने कापून, चिकटवून वीस मिनिटांची ही चीज उभी केली. मध्ये एके ठिकाणी जेमतेम सेकंदभराचा तुकडा पाठोपाठ पुन्हा पुन्हा येतो. पहिल्यांदा वाटलं, आमची फाइलच अडकली. धंदा माझाही तोच, त्यामुळे असूया वाटली हे कबूल करतो.

सातवा १ फेब्रुवारी १९७५, ओसाका. ट्रम्पेटला वा-वा पेडल, म्हणजे पायाने दाबून आवाजाचा रंग बदलणारं यंत्र, भोवती गिटारींचा धुरळा. पूर्वी मला हा सगळा गोंगाट वाटायचा. त्या दिवशी, १९५६ चा तुकडा शेजारी असताना, पेडलच्या आड तोच माणूस मोजून मापून बोलताना ऐकू आला. पुढे पाचएक वर्षं त्याने वाद्य जवळपास खाली ठेवलं. १९८६ चा ‘टूटू’ मी गाळला. मार्कस मिलरने बहुतेक वाद्यं आधीच भरून ठेवलेली आणि माइल्स वरून वाजवतो. मला ते कधी भावलं नाही, आणि निवड माझी होती.

आठवा मात्र जीव ओतून निवडला. ८ जुलै १९९१, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूची मैफल. आयुष्यभर मागे वळून पाहायला नकार देणारा माइल्स पासष्टाव्या वर्षी संगीतकार क्विन्सी जोन्सच्या आग्रहाने गिल इव्हान्सच्या जुन्या मांडण्या पुन्हा वाजवतो. तीन महिन्यांच्या आत तो गेला. त्या मैफलीतली एक ओळ सापडली, वर चढून अलगद उतरणारी. म्हटलं, बस, वर्तुळ पुरं झालं.

संध्याकाळी बाई आल्या. सात तुकडे डोळे मिटून ऐकले. आठव्याला डोळे उघडले.

"परत लाव."

लावला.

"अरे, हा वॉलेस रोनी आहे."

माइल्स थकलेला, आजारी. म्हणून तरुण ट्रम्पेटवादक रोनी शेजारी बसून त्याच्या जागा भरत होता, हे मला ठाऊक होतं. ऐकताना मात्र विसरलो. चित्रफीत काढली. त्या ओळीला माइल्सचा ट्रम्पेट खाली होता. ती संपल्यावर त्याने तो उचलला आणि चारच सूर लावले, एक जरा फाटका. मी ते कापायच्या रेषेबाहेर टाकले होते.

"बदलू का?" मी विचारलं.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राहू दे. ते चार सूर पुढे जोड. आणि सकाळी ‘को-को’ गाळलास म्हणालास ना? ती सुरुवातीला घाल."

आठाचे नऊ झाले. श्रोत्यांच्या पत्रकावर पहिल्या आणि शेवटच्या ओळीसमोर वादकाच्या नावाची जागा बाईंनी मोकळी ठेवायला सांगितली.