फिट झोपेत येते तेव्हा

माझ्या नवऱ्याला फिट येते ती झोपेतच. त्यामुळे त्याला फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ माहीत असते: जीभ चावलेली, खांदे भरून आलेले, डोकं जड. रात्री काय झालं हे मलाच सांगावं लागतं.

एपिलेप्सीत, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजारात, जागरण वाईट, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण वेळेवर झोपूनही झोप झालेली नसू शकते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो दहाला आडवा व्हायचा आणि सकाळी थकलेला उठायचा. दिवसभर पेंगायचा. सगळे फिटच्या गोळ्यांवर खापर फोडत होते. गुंगी आणणाऱ्या गोळ्या असतात हे खरंच आहे, तशी काहींची झोप लेव्हेटिरासिटामसारख्या गोळीने उडतेही. पण डोस तोच असताना त्याची पेंग वाढत होती. मला ते पटेना.

मग मी रात्री नीट ऐकायला लागले. घोरणं चढत जायचं आणि एकदम बंद. छाती हलायची, पण नाकातोंडातून श्वास नाही. काही सेकंदांनी जोरात आचका देऊन श्वास परत सुरू व्हायचा, तो कूस बदलायचा आणि पुन्हा तेच. हे फिटपेक्षा वेगळं होतं. फिटमध्ये त्याचं अंग आधी ताठ होतं, मग हातपाय लयीत झटकतात आणि नंतर हाक मारली तरी बराच वेळ ओळख लागत नाही. मी दोन्हींचे व्हिडिओ काढले. डॉक्टरांनी ते पाहिले आणि स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास वगैरे नोंदवणारी तपासणी, करायला सांगितली. निदान झालं स्लीप अॅप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचं.

श्वास अडला की मेंदू दरवेळी अर्धवट जागा होतो, रक्तातला ऑक्सिजन खाली जातो आणि झोपेचे तुकडे पडतात. अशा तुटक झोपेत फिट यायला वाव मिळतो. एरवीसुद्धा शांत झोपेत मेंदूच्या पेशी एका ठेक्यात चालतात आणि फिटच्या लहरी त्यात सहज पसरतात. स्वप्नं पडतात त्या आरईएम झोपेत मात्र फिट क्वचितच येते. वाईट याचं वाटतं, की फिट येऊन गेली की त्या रात्री नेमकी हीच झोप कमी होते. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या लहरी नोंदवणाऱ्या तपासणीच्या, आदल्या रात्री कमी झोपून या असं का सांगतात, तेही मला तेव्हा कळलं. जागरणानंतर आणि डुलकी लागल्यावर ईईजीतले दोष जास्त दिसतात.

आता तो सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क लावून झोपतो. पहिले काही आठवडे फार त्रासाचे गेले, नाकावर वळ उठायचे, मध्यरात्री तो मास्क काढून टाकायचा. गोळ्या अर्थातच चालू आहेत. फिट पूर्ण थांबलेली नाही, पण खूप कमी झाली आहे आणि दुपारी तो जागा असतो. मला याचा इतका आनंद आहे की सांगता येत नाही.

तुमच्या घरी कुणी एपिलेप्सीचं माणूस घोरत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आणि घरात पडून असलेली झोपेची गोळी त्याला मनाने देऊ नका. काही गोळ्यांनी अॅप्निया वाढतो, आणि क्लोनाझेपामसारखी गोळी काही दिवस घेऊन अचानक बंद केली तर त्यानेही फिट येऊ शकते.

आमच्या वहीत फिटच्या तारखेशेजारी आता आदल्या रात्रीच्या झोपेचा रकाना आहे. डॉक्टर आधी तोच वाचतात.