पायथन काढला आणि डेस्कटॉप गेला: ३२ जीबीच्या लॅपटॉपची नोंद

शनिवार, रात्र

भाचीला अभ्यासासाठी दिलेला लॅपटॉप परत आलाय. ३२ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण), त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टिम. जागाच उरली नव्हती, म्हणून अपडेट अडकलं होतं. भाची पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत नाही, मग तो कशाला ठेवायचा, असं म्हणून मी 'एपीटी रिमूव्ह पायथन३' दिलं (एपीटी म्हणजे प्रोग्रॅमची पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन). समोर भलीमोठी यादी आली. ती नीट न वाचता वाय दाबलं. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन. डेस्कटॉप नाही, वायफाय नाही.

बॅश (कमांड घेणारा प्रोग्रॅम) किंवा डीपीकेजी (एपीटीच्या खालचं, पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) काढायला गेलात तर एपीटी अडवतं, कारण त्या पॅकेजवर 'इसेन्शियल' असा शिक्का असतो. पायथनवर तो नाही. त्यामुळे नेहमीचंच वाय-एन (हो-नाही) विचारलं जातं. नोम शेल (डेस्कटॉप दाखवणारं) पायथनवर टेकलेलं, जीडीएम (लॉगिनचा पडदा) नोम शेलवर, नेटप्लॅनही (नेटवर्कची मांडणी) पायथनवरच. एक वीट काढली की वरचं सगळं खाली येतं.

जमेची बाजू एवढीच की एपीटी सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय आणि डीपीकेजी सीमध्ये. दोन्ही शाबूत आहेत.

रविवार, सकाळ

बहिणीच्या लॅपटॉपवर लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच उबुंटू चालतं असा) बनवला आणि त्यावरून बूट केलं. ईएमएमसीचं रूट पार्टिशन (मूळ सिस्टिमचा भाग) माउंट केलं, म्हणजे जोडलं; लाइव्हची डेव्ह, प्रॉक आणि सिस ही फोल्डरं त्यात बाइंड करून (तिथेही दिसतील अशी जोडून) सीएच-रूटने, म्हणजे त्या सिस्टिमलाच मूळ मानून, आत शिरलो. एपीटी अपडेट दिलं, तर एकाही सर्व्हरचं नाव सापडेना. लाइव्हमध्ये मात्र इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. इथे पाऊण तास गेला. शेवटी इटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या रिझॉल्व्ह-कॉन्फवर (सर्व्हरची नावं कुठे विचारायची ते सांगणारी फाइल) एलएस मारून पाहिलं तेव्हा उलगडा झाला: ती खरी फाइल नाही, रन फोल्डरातल्या फाइलकडे जाणारी सिमलिंक आहे, आणि मी रन बाइंडच केलं नव्हतं. बाहेर येऊन तेही बाइंड केलं. लगेच पॅकेजच्या याद्या उतरू लागल्या.

आता पुन्हा जागेचा प्रश्न. डीयू (कुठे किती जागा गेली ते सांगणारी कमांड) लावल्यावर कळलं की जर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीचे, लॉगच अडीच जीबीच्या वर आहेत. जर्नलला आपणहून मर्यादा घातली नाही तर तो डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत वाढतो, कमाल ४ जीबी. व्हॅक्यूम करून तो २०० एमबीवर आणला. एपीटी क्लीनने उतरवलेल्या डेब (पॅकेजच्या) फाइली गेल्या. काल आधी इथे पाहायला हवं होतं. पायथनला हात लावायची गरजच पडली नसती.

रविवार, दुपार

काय काय गेलं ते आठवत बसायची गरज नाही. व्हार, त्यात लॉग, त्यात एपीटी, तिथे हिस्टरी नावाची फाइल असते. कालच्या वेळेखाली 'रिमूव्ह' अशी एकच लांबलचक ओळ होती: पॅकेजचं नाव, कंसात आवृत्ती, स्वल्पविराम, पुढचं नाव. मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडने कंस उडवले, टीआरने स्वल्पविराम, आणि उरलेली नावं तशीच एपीटी इन्स्टॉलला दिली. मोडलेल्या सिस्टिमनेच दुरुस्तीची यादी लिहून ठेवली होती, याचं मला अजून अप्रूप वाटतंय.

पर्जऐवजी (ते सेटिंगही पुसतं) रिमूव्ह वापरलं होतं तेही बरं झालं. इटीसीतल्या सेटिंग जागच्या जागी राहिल्या. डीपीकेजीच्या यादीत जी पॅकेजं 'आरसी' दिसतात, ती अशीच: प्रोग्रॅम गेलेला, सेटिंग उरलेली. हिस्टरीतली यादी त्यांच्याशी ताडून पाहिली.

रीस्टार्ट. जीडीएम आलं, भाचीचा वॉलपेपर आला, घरचं वायफाय पासवर्ड न विचारता जोडलं गेलं.

बाकी काम: नावं देऊन बसवल्यामुळे सगळी पॅकेजं आता 'मॅन्युअल' (मुद्दाम बसवलेली) झालीत. ती एपीटी-मार्कने परत 'ऑटो' (दुसऱ्या पॅकेजसाठी आपोआप आलेली) करायची, फक्त उबुंटू-डेस्कटॉप मॅन्युअल ठेवायचं. स्नॅप या दुसऱ्या प्रकारच्या पॅकेजांच्या बंद पडलेल्या जुन्या आवृत्त्याही काढायच्यात. बुधवारी भाचीचा क्लास आहे, त्याआधी लॅपटॉप पोचवायचाय.