तिबेरियसला डाक मारायचा नाही

दिवाळीला भाचा जर्मनीहून आला आणि टिश्यूत गुंडाळलेलं एक नाणं माझ्यापुढं ठेवलं. "मामा, याला कडी लावून द्या की. गळ्यात घालायचंय."

धाराशिवात सोनाराला हे काम नवं नाही. राणीछाप रुपये घेऊन कुणी ना कुणी येतंच. टाकणखार लावायचा, डाक म्हणजे सांधा जोडायचा वितळणारा धातू ठेवायचा, फुंकणीनं ज्योत द्यायची, तेजाबात उजळायचं. पंधरा मिनिटांचा खेळ.

पण भिंग लावलं आणि हात थांबला. लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला रोमचा सम्राट तिबेरियस, इ.स. 14 ते 37 चा. मागं खुर्चीवर बसलेली बाई, हातात राजदंड आणि डहाळी. काट्यावर 3.62 ग्रॅम भरलं. आणि कडेला केसाएवढी चीर.

आधी विचारलं, "आणलं कुठून?" तिथल्या दुकानाची पावती दाखवली, तेव्हा जीव भांड्यात पडला. आपल्या रानात सापडलेलं असतं तर 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्यानं कलेक्टरकडं जावं लागलं असतं.

जमिनीत शेकडो वर्षं पडलेली चांदी ठिसूळ होते. मी हे पुस्तकात नाही शिकलो. दहा-बारा वर्षांमागं एका गिऱ्हाइकाच्या जुन्या नाण्याला सरळ ज्योत दिली आणि कड पापडासारखी तुटून आली. पैसे भरून दिले, पण त्याचं तोंड अजून आठवतं.

म्हणून कडी नाण्याला लावलीच नाही. चांदीच्या तारेचं वेगळं कडं केलं, डाक, कडी, घासणं सगळं त्यावरच. आतून चार बारीक दाते. नाणं सगळ्यात शेवटी बसवलं आणि दाते लाकडी काडीनं हळूहळू दाबले. काळपट पुटही तसंच ठेवलं. भाचा म्हणाला, "चिंच लावून चमकवा ना!" म्हणलं, तुझ्या आईच्या समया चमकव.

दुसऱ्या दिवशी त्याला तेरला नेलं. गोरोबाकाकांचं दर्शन झालं, मग लामतुरे संग्रहालय. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर हे गाव, इथलं जाडंभरडं कापड नि मलमल गाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायची. त्याच व्यापारातून रोमची नाणी इकडं आली. आणि तेरला रोमन नाण्यांच्या नकलेची भाजलेल्या मातीची पदकंसुद्धा सापडलीत, गळ्यात घालायची! चांदी परवडली नसेल, हौस तर होती. कडी त्याच मातीची, डाकाची भानगडच नाही. कुंभाराचा मला हेवा वाटला.

आता घरात भांडण वेगळंच आहे. कडं दोन्ही बाजूंनी उघडं ठेवलंय. भाच्याला सम्राट पुढं हवा. त्याची आई, म्हणजे माझी आक्का म्हणते, "परक्या राजाचं तोंड कशाला मिरवतोस? मागं लक्ष्मी बसलीय की!" ती बहुधा राजाची आई लिव्हिया आहे, हे मी आक्काला सांगितलेलं नाही. आक्का समोर असली की भाचा पदक गुपचूप उलटं करतो.