ऑक्टाव्हिया आरएस इथेनॉलवर, भाग ४: टाकीतली वीतभर नळी

गेल्या भागात इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोट्या) आणि त्यांना इंधन वाटणारी रेल बसवून थांबलो होतो. तेव्हा ऐटीत लिहिलं होतं की आता फक्त पंप टाकायचा आणि मॅप करायचा (इंधनाचे आणि ठिणगीचे आकडे भरायचे), पंधरा दिवसांचं काम. त्याला अडीच महिने झाले. त्यातले निम्मे दिवस टाकीतल्या एका वीतभर नळीने खाल्ले.

नवीन आलेल्यांसाठी: गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह, कंपनीतून १५० पीएस. फ्लेक्स इनपुट (इंधनातल्या इथेनॉलची टक्केवारी वाचायची सोय) असलेला स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे इंजिनचा स्वतंत्र संगणक, मागच्या वर्षीच बसवला. आरसीवर इंधन पेट्रोल आहे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांवरचं बंधन) आडवं येतं, म्हणून गाडी हिंगण्याच्या शेडमध्ये असते आणि तिथल्या खासगी आवारातच पळते. ‘मग एवढा खटाटोप कशासाठी’ हे घरी विचारून झालंय.

कशासाठी, तर मे महिन्यासाठी. बाहेर ४५ अंश असले की टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर नावालाच उरतो. बूस्ट (टर्बोचा दाब) चढला रे चढला की नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके), आणि ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचतो. हिवाळ्यात हीच गाडी वाघीण असते. पंपावरच्या ई२० चा (आकडा म्हणजे इथेनॉलचे टक्के) ऑक्टेन, म्हणजे नॉक टाळायची ताकद, ९५; शुद्ध इथेनॉलचा १०८ च्या आसपास. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाफ होताना किलोमागे इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. सिलिंडरमध्ये जाणारी हवा इंधनच थंड करतं. नागपुरात याहून स्वस्त कूलर मिळायचा नाही.

किंमत मोजायची ती लिटरमध्ये. ई२० ला एक किलो जाळायला साधारण साडेतेरा किलो हवा लागते, ई८५ ला ९.८. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने ३८ टक्के, लिटरमध्ये जवळजवळ एक तृतीयांश जास्त इंधन ओतायचं. माझं लक्ष्य २०० बीएचपी. ई८५ वर, इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडे ठेवायचे नाहीत असं धरून, प्रत्येकी मिनिटाला ४६० सीसीच्या आसपास लागतात. म्हणून ५५० सीसीचे टाकले. पंप वॉलब्रोचा, ताशी ४५० लिटरचा, इथेनॉलला चालणारा. इथपर्यंत हिशेब बरोबर होता.

आता नळी. पंपापासून टाकीच्या झाकणापर्यंत जो तुकडा जातो, तो पूर्ण वेळ इंधनात बुडालेला असतो. मी दुकानदाराच्या ‘इथेनॉलला चालते हो’ यावर विश्वास ठेवून एसएई ३०आर९ (इंधनाच्या नळ्यांचा एक दर्जा) ची नळी लावली. चूक माझीच, कारण नळीवर छापलेलं होतं आणि मी वाचलं नाही. ३०आर९ आतून इंधन सोसते. तिचं बाहेरचं आवरण इंधनात बुडवण्यासाठी नसतंच. टाकीच्या आत ३०आर१० लागते.

नऊ दिवस काही कळलं नाही. मग जोर दिला की रेलचं प्रेशर ३ बारवरून १.८ वर यायला लागलं. बाहेर थेंबभर गळती नाही, वास नाही. मी आधी वायरिंगला शिव्या घातल्या, मग दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला. शेवटी मागची सीट काढली, बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला आणि पंपाची बास्केट वर काढली. नळी रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली. नख दाबलं तर वळ तसाच राहिला. फुगलेल्या रबरात क्लिपची कड रुतली होती आणि तिथे बोटाच्या पेराएवढी चीर. पंप जीव तोडून ढकलत होता आणि त्यातलं निम्मं टाकीतच परत पडत होतं. गळती टाकीतल्या टाकीत, मग बाहेर दिसणार कुठून?

आमचे मिस्त्री नळी हातात धरून म्हणाले, “हे तर उकडल्या शेंगेवानी झालं न भाऊ. डुबवाची नोती न हे!” मी गप्प.

३०आर१० ची फूटभर नळी मागवली. तेवढ्या पैशात बाहेरची दहा फूट आली असती. क्लिपसुद्धा बदलल्या. पट्टीला खाचा असलेल्या काढून गुळगुळीत कडेच्या लावल्या.

तरी वायरिंगला घातलेल्या शिव्या अगदी फुकट गेल्या नाहीत. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना पंपाच्या टोकांवर ११.४ मिळत होते. कंपनीची बारीक वायर या पंपाचा करंट ओढूच शकत नाही. बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वायर, फ्यूज, रिले, आणि मागे बॉडीला स्वतंत्र अर्थ. आता १३.४. एक सांगून ठेवतो: पेट्रोलच्या मानाने इथेनॉलमधून वीज बरीच वाहते. टाकीत तांब्याचं उघडं टोक ठेवलं की ते हळूहळू हिरवं पडून खाल्लं जातं.

मग उलटंच दुखणं. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू), रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून, प्रेशर ३ बार हवं. दिसत होतं ३.६. रेग्युलेटर बदलला, तरी ३.६. तो पैसा वाया. दोष रेग्युलेटरचा नव्हताच. आयडलला इंजिन चमचाभर इंधन घेतं आणि बाकी सगळं परतीच्या पाइपात जातं. जुना पाइप एवढ्या लोंढ्यासाठी बारीक होता, म्हणून मागे दाब तुंबत होता. परतीला एएन-६ मापाची, पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची लाइन टाकली, ३.०५ वर स्थिर झालं.

जुन्या टाकीतला गाळ इथेनॉलने सोडवला आणि दोन फिल्टर चोंदले. हे होणार हे माहीतच होतं.

पहिलं मिश्रण शनिवारी केलं. १५ मार्च २०२४ ला देशात १८३ पंपांवर ई१०० सुरू झालं, त्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. नाव ई१०० असलं तरी त्यात इथेनॉल साधारण ९३ टक्के. बाकी पेट्रोल आणि थोडं को-सॉल्व्हंट (मिश्रण एकजीव ठेवणारं द्रव्य). ते पंपावरूनच, लोखंडी कॅनमध्ये आणलं. आधी ई२० तपासलं: १०० मिलीच्या मोजपात्रात ९० मिली इंधन, १० मिली पाणी, हलवून ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. थर २८ वर थांबला. वाढले १८, म्हणजे ९० मध्ये २० टक्के. पंपवाल्याने फसवलं नाही.

१० लिटर ई१०० आणि ३० लिटर ई२०, कागदावर ३८ टक्के. इंधनातलं इथेनॉल मोजणारा फ्लेक्स सेन्सर शून्य इथेनॉलला ५० हर्ट्झ देतो आणि शंभर टक्क्यांना १५०, म्हणजे आकड्यातून ५० वजा केले की टक्केवारी हातात. स्क्रीनवर ८७. कागद ३८, सेन्सर ३७. त्या दिवशी चहा मी पाजला.

शेजारच्या शेडमधल्या काकांनी वासावरून विचारलं, “गाडीले मोहाची पाजून राहिला का?” दुसरे एक जण हमखास म्हणतात की २०१४ मध्ये आपल्या नागपुरात स्कॅनियाची बस इथेनॉलवर धावली होती, मग गाडीला काय अवघड? पण ती बस डिझेलसारखी दाबाने पेट घेणारी. तिचं ईडी९५ म्हणजे इथेनॉलमध्ये ज्वलन सोपं करणारं रसायन. तिथे स्पार्क प्लगच नाही. नातं फक्त आडनावाचं.

आता चिंता एकच, उष्णता. सेन्सर पल्सच्या रुंदीवरून इंधनाचं तापमानही सांगतो. बाहेर ४१ असताना अर्धा तास आयडल केलं तर परतीचं इंधन ५८ वर. इथेनॉल उकळतं ७८ ला, पण मिश्रणातल्या पेट्रोलचे हलके अंश त्याच्या कितीतरी आधी उडायला लागतात. त्यात कमी टक्क्यांच्या मिश्रणाचा बाष्पदाब (वाफ व्हायची ओढ) नुसत्या पेट्रोलपेक्षाही जास्त असतो. म्हणजे ई७० पेक्षा ई२० वरच गाडी गरम असताना जास्त छळणार. पंप आयडलला मंद चालवायचा विचार आहे.

३८ टक्क्यांवर टॉर्कच्या शिखराला टायमिंग ४ अंश पुढे घेतलंय, नॉक नाही. ई७० ला जायची घाई नाही. थंडीतलं स्टार्टिंग डिसेंबरमध्ये पाहू. तोवर शेडमध्ये आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवलंय, कारण इथेनॉलची ज्योत उन्हात धड दिसत नाही.

आणि फळीवर काचेच्या दोन बरण्या आहेत, ई१०० मध्ये बुडवलेले नळीचे तुकडे. वर चिठ्ठी: ‘लोणचं नाही’. आज तेविसावा दिवस. व्हर्नियरवर ३०आर९ चा तुकडा १४.० मिमीचा १५.६ झालाय, ३०आर१० चा १४.१ चा १४.२.